दोन खुर्च्यांमधला हात

टोलेडो, २६ जून

चि. एमरी यास आशीर्वाद.

एका घोर अन्यायाची तक्रार तुझ्यापुढे मांडायची आहे. तू तिकडे ओरेगनमध्ये, त्यामुळे तुला काही करता येणार नाही हे मी जाणतो. पण तक्रार पूर्ण ऐकून घेऊन मग काही न करणारा माणूस मिळाला, तरी मी समाधानी आहे. आपल्या हेरन्स बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापन काही करत नाहीच, वर ऐकतही नाही.

तर तक्रार अशी. स्टेडियममध्ये माझी खुर्ची आणि तुझ्या वडिलांची खुर्ची यांच्यामध्ये लाकडाचा एकच हात आहे, हे तू जाणतोस. दोन माणसांत एक हात देणाऱ्या सुताराच्या मनात, दोघांपैकी एकाने त्यागी असावे, असे काहीतरी असणार. तो त्याग आजवर मी केला. जन्मभर काचेच्या भट्टीपाशी राबलेल्या तुझ्या वडिलांचे, वेंडेल प्रॉक्टर यांचे, कोपर त्या हातावर असे विराजमान होई, की जणू त्याची तिथे प्राणप्रतिष्ठाच झाली आहे. मी युक्तिवाद केले. गयावया केली. एकदा चुकून (असे मी त्या वेळी म्हणालो) त्यावर गरम चीज सांडले. कोपर हलले नाही. पलीकडच्या, म्हणजे तुझ्या बाजूच्या हाताचीही हीच कथा होती, म्हणून तू मला साक्षीदार म्हणून चालशील.

काल ड्राफ्टची, म्हणजे संघांनी नवी पोरे निवडायची, संध्याकाळ. दरवर्षीप्रमाणे स्टेडियम उघडून मोठ्या पडद्यावर सोहळा दाखवला. आम्ही आपापल्या जागी बसलो. तुझ्या खुर्चीत हल्ली एक दंतवैद्य बसतो, तो आला नव्हता. मी सवयीने हात आवरून बसलो, आणि तुझे वडील म्हणाले, "घे, प्रोफेसर. तूच घे तो हात."

मला वाटले, काही डाव आहे. नव्हता. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर घेतले, जाकिटाच्या बाह्यांत. जून महिन्यात जाकीट. आत गार हवा फार सोडली होती, असे ते म्हणाले. माझा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

त्या हातावर मी कोपर ठेवून पाहिले. जागा उत्तम आहे. पण इतक्या वर्षांचा खटला प्रतिपक्षाने असा न लढताच सोडून द्यावा, हे न्यायाला धरून नाही. माझी तक्रार ती ही.

बाकी वृत्त: गेल्या मोसमात इमानेइतबारे सगळीकडे हरल्याचे फळ म्हणून हेरन्सना या वेळी चौथ्या क्रमांकाची निवड मिळाली, आणि त्यांनी एकोणीस वर्षांचा, ताडमाड, जोना व्हिटफील्ड नावाचा मुलगा घेतला. तो अजून दाढी करत नाही. त्याला तयार व्हायला चार वर्षे लागतील, असे खुद्द त्याला निवडणाऱ्यांनीच सांगितले. ते याला पुनर्बांधणी म्हणतात. आमच्याकडे देवळांचा जीर्णोद्धार असाच चाले. आधी मूर्ती हलवायची, मग निधी संपायचा, आणि भक्त मंडळी बरीच वर्षे नुसत्या बांबूंच्या परांचीला प्रदक्षिणा घालत.

आज सकाळी अर्नेटाबाईंच्या दुकानात केस कापायला गेलो. तिथे सभा भरलीच होती. कोवाच पोस्टमन खुर्चीत, गळ्याभोवती चादर, आणि हातवारे चादरीच्या आतून.

"पोराच्या हातांची लांबी बघितलीत का? चार वर्षं थांबा फक्त. लीग हलवून सोडेल!"

"चार वर्षांनी, कोवाच, तुझ्या डोक्यावर कापायला काही राहणार नाही," अर्नेटाबाई म्हणाल्या. "मी कुणाचे केस कापू तोवर?"

"हेच. ह्या गावाला धीर नाही."

"मला धीर शिकवतोस? तीन नवरे सोडले मी, पण हा संघ नाही सोडला. मान सरळ ठेव."

सगळे हसले. तुझे वडील कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. एरवी अशा वेळी कोवाचचा शब्द जमिनीवर पडू देत नाहीत, हे तू जाणतोस. अर्नेटाबाईंनी कात्री थांबवून विचारले, "वेंडेल, तू का गप्प? पोराबद्दल बोल की काहीतरी."

"कुठल्या पोराबद्दल?"

"ड्राफ्टमधल्या. दुसऱ्या कुठल्या?"

"तो होय," ते म्हणाले. "बरा आहे तो."

आता मी हे पत्र का लिहितो आहे, ते. तू तिकडच्या संघाचा शर्ट घालून काढलेला फोटो इथे सगळ्यांच्या फोनवर पोचला, त्याला तिसरे वर्ष चालू आहे. तेव्हापासून तू आणि ते बोलत नाही. दुकानात तुझे नाव निघाले तर ते एवढेच म्हणतात, "माझ्या पोरानं ट्रेड मागून घेतला," म्हणजे दुसऱ्या संघात बदली. तुझी बाजू मला ठाऊक आहे: शर्ट एका मित्राने दिला होता आणि थंडी होती. मी दोन्ही बाजूंचा वकील आहे आणि दोन्हीकडे हरतो आहे.

तुझ्या वडिलांनी मला एका विषयावर तुला लिहायला बंदी केली आहे. विषय कोणता, हे सांगणेही त्या बंदीतच येते. मी शब्द दिला आहे. फोनवर मला काही लपवता येत नाही, कागदावर थोडेफार जमते. म्हणून यापुढे मी तुला फक्त बास्केटबॉलबद्दल लिहीन, ज्या विषयातले माझे अज्ञान सर्वमान्य आहे.

तुझा,
श्रीनिवास खांबेटे


टोलेडो, ८ जुलै

चि. एमरी यास,

तुझे उत्तर पोचले. 'कसे आहात' नाही, 'बरा आहे' नाही, थेट व्हिटफील्डच्या मनगटापासून सुरुवात. "सगळे त्याचे पाय बघतायत. पाय नका बघू, मनगट बघा. चेंडू सोडल्यावर मनगट झोपतं का, सैल खाली पडतं का, ते बघा." इतके मार्मिक भाष्य मी आयुष्यात केलेले नाही. तेव्हा मी ते चोरले.

शनिवारी दुकानात कोवाच आणि अर्नेटाबाई यांचा वाद रंगात आला असता मी घसा साफ केला आणि म्हणालो, "पाय काय बघता? मनगट बघा. चेंडू सोडल्यावर झोपतं का?"

कोवाचने चादरीतून मान बाहेर काढली. "प्रोफेसर?"

"निरीक्षण," मी म्हणालो.

तुझ्या वडिलांनी वर्तमानपत्र खाली घेतले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"सांगितलं ना. निरीक्षण."

"गेल्या हिवाळ्यात चेंडू आत गेल्यावर तू मला विचारलंस, हा आपला का त्यांचा."

"त्यानंतर अभ्यास वाढवला."

मग मला कळले की माझी चूक कुठे झाली. ते वाक्य तुझे नाहीच. ते त्यांचे आहे. तू एवढासा असताना गॅरेजच्या दारावर लावलेल्या रिंगखाली उभे करून त्यांनी तुला ते शिकवले, आणि ओरेगनहून ते टपालाने माझ्या तोंडात येऊन पुन्हा त्यांच्याच कानात गेले. मी एखाद्या चोरासारखा मालकालाच त्याचे घड्याळ विकायला गेलो होतो.

ते उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उठले. दाराशी माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "मनगट चांगलं आहे. पण त्याला सांग, कंबर ताठ आहे पोराची. ताठ कंबरेचा माणूस वाकत नाही. आणि न वाकता जमिनीवरचं काहीच उचलता येत नाही."

"कुणाला सांगू?"

"तुझ्या निरीक्षणाला," म्हणाले आणि गेले.

निरोप पोचवला. मी आता दूत आहे. आमच्या जुन्या नाटकांत दूताला मारायचे नाही असा संकेत असे, तो दोघांनीही पाळावा.

तुझा,
खांबेटे


टोलेडो, २४ जुलै

चि. एमरी यास,

"ताठ कंबर वंशपरंपरेने येते, असे त्यांना सांगा." सांगितले. ते हसले. इतके हसले की खोकला आला आणि पाणी द्यावे लागले. पण हसले, हे मी शपथेवर लिहितो. मग त्यांनी उत्तर दिले आहे, ते खाली येईलच.

आधी खुर्च्यांविषयी. तू म्हणशील, या माणसाला खुर्च्यांचे वेड लागले आहे. हल्ली मंगळवारी सकाळी तुझे वडील आणि मी एका नव्या ठिकाणी बसतो. मी बंदी मोडत नाही, फक्त आसनव्यवस्थेचे वर्णन करतो. खुर्च्या मऊ आहेत, पाठ मागे जाते, आणि प्रत्येकीला स्वतःचे दोन हात आहेत, त्यामुळे भांडणाला जागाच नाही. खिडकीतून नदी दिसते. मारिसा नावाची तरुण मुलगी येऊन गरम केलेली शाल पांघरवते. तुझ्या वडिलांच्या खुर्चीशेजारी एक उंच खांब असतो आणि त्याला एक पिशवी टांगलेली असते, तिच्यातले सगळे थेंब संपेपर्यंत उठायचे नसते. माझ्या खुर्चीशेजारी खांब नाही. मी नुसता बसतो.

समोर टीव्ही असतो. या मंगळवारी त्यावर लास व्हेगासचे उन्हाळी सामने चालू होते, नवी पोरे खेळत होती. आपला व्हिटफील्ड सहा वेळा पडला. पण एकदा, एकदाच, त्याने चेंडू सोडला आणि मनगट झोपले. तुझे वडील शालीतून बाहेर आले.

"बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणालो. मी चष्मा पुसत होतो.

"चार वर्षं," ते म्हणाले, आणि पुन्हा शालीत गेले.

मग पडद्यावर बातमी आली की रे बॉयकिनला देऊन टाकायचे चालले आहे. बॉयकिन गेला तर या संघात मला नावाने ओळखता येणारा कोणी उरणार नाही. मी रागावलो. म्हणालो, त्या बिचाऱ्याचे गुडघे गेलेत, करारही यंदा संपतो, त्याला कोण घेणार?

तुझ्या वडिलांनी मला समजावून सांगितले, आणि तुला हे ठाऊक असणार, मला नव्हते. करार संपत आला आहे म्हणूनच त्याला मागणी आहे. पुढच्या उन्हाळ्यात तो आपोआप सुटतो, संघाच्या पगारांना जी मर्यादा असते तिच्यात त्याच्या पगाराची जागा मोकळी होते, म्हणून दुसरे संघ त्याला हौसेने घेतात. त्याच्या खेळाशी त्यांना कर्तव्य नाही, तो संपणार आहे हाच त्याचा गुण. त्याला 'संपता करार' म्हणतात.

मारिसा पिशवी बदलायला आली होती. तिला म्हणाले, "ऐकलंस का, पोरी? मी पण संपता करारच आहे. बाजारात फार भाव आहे मला."

ती घाईने म्हणाली, "असं नका बोलू, मिस्टर प्रॉक्टर."

"अगं, कौतुक आहे ते," ते म्हणाले. "विचार ह्या प्रोफेसरला."

तिने माझ्याकडे पाहिले. मी बरीच वर्षे वर्गात उभा राहून विद्यार्थ्यांच्या अवघड प्रश्नांना उत्तरे दिलेली आहेत, एमरी. मी नदीकडे पाहत राहिलो.

त्यांचे उत्तर, तुझ्या वंशपरंपरेला: "त्याला सांग, माझी कंबर आता वाकते. सगळ्याच बाजूंनी."

तुझा,
खांबेटे


टोलेडो, १५ ऑगस्ट

चि. एमरी यास,

तू सरळ विचारलेस: कुठल्या खुर्च्या, कुठली पिशवी. मी शब्द दिला आहे, त्यामुळे उत्तर देता येत नाही. तू मूर्ख नाहीस. माझ्या संस्कृतच्या वर्गात एक सत्र काढूनही तसा पुरावा तू मागे ठेवला नाहीस, एक उत्तरपत्रिका सोडून. तिच्याविषयी पुढे कधी.

बॉयकिन गेला. सोमवारी दुपारी. त्याच्या बदल्यात काय मिळाले, ते तू वाचले असशील: २०३१ सालच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीतली एक निवड. म्हणजे एका माणसाच्या बदल्यात आपल्याला एक पोरगा मिळाला आहे, जो आज सातवीत असेल, कुठल्या गावात ते देवालाही ठाऊक नाही.

संस्कृतात दोन भविष्यकाळ आहेत, तुला आठवत नसेल. एक साधा. दुसरा लुट्, तो 'आज नसलेल्या' भविष्याचा. जे होईल, पण आज नक्की होणार नाही, त्याच्यासाठी खास राखलेला. मराठी कानाला त्याचे नाव लूट असे ऐकू येते म्हणून मी वर्गात त्यावर विनोद करत असे, आणि तुमच्यापैकी कुणाला मराठी येत नसल्यामुळे मी एकटाच हसत असे. हेरन्सचे व्यवस्थापन आता केवळ लुट्मध्ये बोलते.

दुकानात कोवाच खूश होता. "सोन्यासारखा सौदा! एकतीस साली बघा तुम्ही. तोवर व्हिटफील्ड पंचविशीत, ही निवड हातात, तीन आणखी. एकतीस साली ह्याच खुर्चीत बसून मी सांगेन, बघा, मी म्हणालो होतो."

"तू तर बोहल्यावर चढण्याआधी नातवाचं बारसं करणारा," अर्नेटाबाई म्हणाल्या. "रे बॉयकिननं माझ्या भाच्याच्या शाळेत येऊन पोरांना बूट वाटले होते. त्याचं काय?"

"भावना बाजूला ठेवा. व्यवहार बघा. वेंडेल, तू सांग. तुला कळतं. एकतीस सालचा विचार केला तर—"

"कोवाच," तुझे वडील म्हणाले, "एकतीस साली माझी खुर्ची तू घे. हात मात्र प्रोफेसरशी भांडून मिळवावा लागेल."

कोवाचला आधी विनोद वाटला. तो हसायला लागला आणि मग त्याने दुकानभर बघितले. कुणी हसत नव्हते. अर्नेटाबाई पाठमोऱ्या होऊन कंगवे धुवत होत्या, जे आधीच धुतलेले होते. कोवाच चादर गळ्यात तशीच घेऊन उठला, अर्धे डोके कापलेले, आणि म्हणाला, "वेंडेल, मला कुणी सांगितलं नाही. मी रोज तुझ्या दारात टपाल टाकतो. मला कुणीच सांगितलं नाही."

"बस खाली," ते म्हणाले. "अर्धवट डोकं घेऊन रस्त्यावर जाऊ नकोस. संघाची आणखी बदनामी नको."

त्याच दिवशी तुझा फोन आला. मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो, भांडी घासत होतो. तुझ्या आईची खुर्ची अजून टेबलाला लावलेली असते, तिच्यावर कुणी बसत नाही. "लॉरेनचा नंबर निवृत्त केलाय," असे ते पाहुण्यांना सांगतात, थोर खेळाडूचा नंबर पुन्हा कुणाला देत नाहीत तसा. फोनवर तुझे नाव बघून त्यांनी तो मला दाखवला, जसा कुणी विंचू दाखवावा. मग घेतला.

तुझे बोलणे मला ऐकू आले नाही. त्यांचे आले.

"हां... बघितलं. बघितलं ना. एकतीस! ... नाही, गुडघे गेले होते, पण पोरांना शिकवायला कोणी नको का? ... तेच म्हणतो मी. तेच! ... कोण, मी? मला काय झालंय? ठणठणीत आहे. थोडा खोकला. प्रोफेसरचं सोड, त्याला कशातही करुणरस दिसतो. ... ये की. पहिल्या सामन्याला ये. ऑक्टोबरात. ... हां. शर्ट कुठलाही घालून ये. ... बरं. बरं, एमरी."

तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा बोललात, आणि सगळे बॉयकिनवर. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "पोरगं बरोबर बोलतं. मोठ्या माणसाशिवाय लहान पोरं शिकत नाहीत." मग मला म्हणाले, "त्याला काही लिहायचं नाही. तू शब्द दिलायस. त्याला नोकरी आहे, धावत येईल, सगळं सोडून इथं येऊन बसेल, आणि मग माझ्याकडे बघत बसेल. मला कुणी बघत बसलेलं नकोय. सामना बघायला येऊ दे."

मी ताटली पुसत राहिलो. ती कधीच कोरडी झाली होती.

तुझा,
खांबेटे


टोलेडो, ११ सप्टेंबर

चि. एमरी यास,

तुझे पत्र मिळाले. तू ऑक्टोबरातल्या पहिल्या सामन्यासाठी विमानाचे तिकीट काढलेस, दंतवैद्याला गाठून त्या दिवसापुरती तुझी जुनी खुर्ची मिळवलीस, आणि वडिलांना कळू द्यायचे नाही असे मला बजावलेस. म्हणजे आता प्रॉक्टर घराण्यातल्या दोघांनीही माझ्याकडून वचन घेतलेले आहे. त्यांचे तुला सांगायचे नाही, तुझे त्यांना सांगायचे नाही. मी दोन्ही खिशांत एकेक दगड घेऊन फिरतो आहे.

संघाची बातमी आधी, कारण ती सोपी आहे. व्हिटफील्डला वजन वाढवायला सांगितले आहे. त्याला शिकवायला म्हणून एक म्हातारा खेळाडू आणला, वर्षभराचा करार. तुझे म्हणणे कुणीतरी ऐकले, असे तुझे वडील म्हणाले. ते हे अभिमानाने सगळ्यांना सांगतात. सगळे म्हणजे मी, अर्नेटाबाई आणि कोवाच. अर्नेटाबाई आता कात्री घेऊन घरी येतात, कापायला फारसे काही नसते तरी. कोवाच टपाल टाकायला येतो तो आत येऊन बसतो आणि एकतीस सालाविषयी एक शब्द बोलत नाही. परवा तो मला बाहेर म्हणाला, "मी आकड्यांचा माणूस, प्रोफेसर. बाकीचं मला बोलता येत नाही." मी म्हणालो, मलाही नाही. मग त्याला पुढच्या घरी जायचे होते.

मंगळवारच्या खुर्च्या बंद झाल्या. त्यांनीच बंद केल्या. डॉक्टरीणबाई आणखी एका फेरीविषयी बोलत होत्या, आणि ते म्हणाले, "बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण हा संघ वाढीव करार घेणार नाही." बाईंना बास्केटबॉल कळत नव्हते. मला भाषांतर करावे लागले. जन्मभर भाषांतर हाच माझा व्यवसाय, आणि त्या खोलीत मला त्या वाक्याला एक धड शब्द सापडेना. शेवटी मी म्हणालो, "ते नको म्हणतात."

हे लिहून झाले. म्हणजे मी शब्द मोडला. त्यांनी विचारले तर खरे सांगेन. मला वाटते ते विचारणार नाहीत.

त्या उत्तरपत्रिकेचे सांगायचे राहिले आहे. भविष्यकाळाच्या प्रश्नात मी दहा रूपे विचारली होती. तू दहाच्या दहा वर्तमानकाळात लिहिलीस. 'तो येईल'ला 'तो येतो'. 'ते बघतील'ला 'ते बघतात'. मी शून्य दिले आणि समासात लाल शाईने लिहिले, 'घाई.' तू मला भांडायला आलास आणि म्हणालास, "सर, येतो म्हटलं की येतोच ना माणूस?" तुझे वडील हे अजून सांगतात. ते शून्य मी परत घेतो. तीच चूक पुन्हा कर.

काल दुपारी आम्ही मागच्या अंगणात बसलो होतो, त्यांच्या त्या दोन कापडी खुर्च्यांत. गॅरेजच्या दारावरची रिंग अजून आहे, जाळी नाही. ते डोळे मिटून होते. मला वाटले झोपले. मग त्यांनी कोपर उचलले आणि माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवले, माझ्या हाताच्या वर. पूर्वीसारखे, हक्काने. मी मुद्दाम थोडे ढकलले, म्हणजे त्यांना बरे वाटेल. ते कोपर सरकले, एमरी. मी नुसता श्वास सोडला असता तरी सरकले असते, इतके ते हलके झाले आहे. मी पटकन माझा हात त्याखाली पुन्हा घातला आणि तसाच बसून राहिलो. हाताला मुंग्या आल्या तरी काढला नाही.

"सामन्याला पोरगं येणार आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. कुणी सांगितले ते मला ठाऊक नाही. मी नाही. "तू त्याला सांगू नकोस मला कळलंय म्हणून."

"बरं," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून जे सांगितले, त्यात ऑक्टोबर हा शब्द नव्हता. मी विचारला. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मला भीती ही आहे. तू पहिल्या सामन्याला अगदी वेळेवर येशील. मी माझ्या खुर्चीत असेन, तू तुझ्या. आणि मधली खुर्ची रिकामी असेल, आणि तिचे दोन्ही हात मोकळे.

आत्ता ये.

श्रीनिवास खांबेटे